नऊ घरांचा पडदा

डोंबिवली (पूर्व)
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

चि. स्वानंद,

काल दुपारी पार्सल पोचलं. त्यात आलं ते असं : टॅबलेट एक, खोक्यावर किंमत अठ्ठावीस हजार नऊशे नव्व्याण्णव. त्याचं काळं कव्हर एक आणि पलंगाला अडकवायचा लोखंडी हात एक, या दोन्हींवर किंमत नाही. चार्जर. चिठ्ठी नाही. खालचा पुठ्ठासुद्धा उचलून बघितला.

पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव आणि बंगळूरचा पत्ता होता, म्हणून हे पत्र लिहिता येतंय. जुना नंबर लागत नाही. श्रिया तुला मेल करते आणि तू उत्तराऐवजी वस्तू पाठवतोस. जूनमध्ये चाकाची खुर्ची आली, जुलैत बीपीचं मशीन, दोन्हींवर पत्ता दुकानाचाच. सगळं उपयोगाचं आहे, नाही म्हणत नाही. मला मेल जमत नाही, आणि श्रियाला सांगून लिहून घ्यावं तर ती मधली वाक्यं गाळते.

तुझ्या बाबांचं तुला कळलं आहे तेवढं खरं आहे. झटका डाव्या मेंदूला बसला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. पेपर वाचतात, अग्रलेख पटला नाही की पान दुमडून ठेवतात, पूर्वीसारखंच. पण तोंडातून 'ते, ते, ते' एवढंच येतं. पाणी हवं तरी 'ते', खिडकी लावायची तरी 'ते'. मी एकेक वस्तू हातात घेऊन दाखवते. ती नसली की ते डोळे मिटून घेतात. त्यानंतर मग दिवसभर काही मागत नाहीत.

बोलणं शिकवणाऱ्या मेघना मॅडम कळव्याहून येतात. त्यांचं म्हणणं, चित्रांचा तक्ता करा, म्हणजे बोट ठेवून सांगतील. श्रिया म्हणाली, तक्ता कशाला, फोनवरच करते. आता ठाण्याच्या ऑफिसातून आली की तेच करत बसते.

टॅबलेट मी अजून वापरायला काढलेला नाही. पितृपक्ष आहे. श्रिया म्हणाली, "आई, पूर्वज काय टॅबलेट मागायला येणारेत?" मी म्हटलं, नव्या वस्तूची सुरुवात या दिवसांत होत नाही, घट बसले की काढू.

जेवतोस ना वेळेवर? पोचल्याचं कळव.

आई


डोंबिवली
बुधवार, २४ सप्टेंबर

चि. स्वानंद,

उत्तर आलं नाही. पोस्टातली बाई म्हणते बंगळूरला चार दिवस पुष्कळ झाले. असो, कामात असशील.

घट बसले त्या दिवशी टॅबलेट काढला. लोखंडी हात पलंगाला बसवला, समोर आणला. ह्यांनी बघितलं आणि डाव्या हाताने तो पालथा केला. मी सरळ केला, त्यांनी परत पालथा केला. कोणी पाठवला हे मी सांगितलं नव्हतं. खोकं मात्र तिथेच होतं आणि वाचता त्यांना येतंच. आता कपाटात चादरीत गुंडाळून ठेवला आहे. वस्तू चांगली आहे, वाया जाणार नाही.

त्यांना त्यांचा जुना फोनच हवा असतो. तुला माहीत आहे, बंडीला खिसा शिवून घेतात आणि पेन्सिल त्यात ठेवतात, मोहने गावच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते तेव्हापासूनची सवय. आता तिथे फोन असतो. डाव्या हाताने काढतात, मांडीवर ठेवतात, अंगठ्याने दाबतात. एका हातात मावतो तेवढाच त्यांचा कारभार.

श्रियाने त्यावर नऊ घरं केली. पाणी, चहा, दुखतंय, बाथरूम, खिडकी, पेपर, देवघर, हो, नको. घर दाबलं की चित्र मोठं होतं आणि घंटा वाजते. घंटा आपल्या देवघरातलीच, मीच वाजवून दिली. नऊच का, तर हात थरथरतो, घरं मोठी लागतात आणि पडदा छोटा आहे.

पहिल्या दिवशी ह्यांनी चहा दाबला. काही झालं नाही. परत दाबला. मग पाणी दाबलं, मग नको, मग आणखी काहीतरी. फोन अडकून बसला होता. आणि एकदम सगळं सुटलं, चहा चहा पाणी नको, घंटा थांबेच ना. त्यांनी फोन भिंतीवर फेकला, नशिबाने फुटला नाही. त्यांना इतकं चिडलेलं मी याआधी एकदाच पाहिलं आहे. ते कधी, तुला माहीत आहे.

श्रिया म्हणाली, चूक तिची. जे फ्रेमवर्क सगळे वापरतात ते तिने घेतलं होतं आणि त्या फोनला ते पेलत नाही. तो शब्द ऐकून मी दाराकडे बघितलं. तीन वर्षं या घरात तो शब्द कोणी काढला नव्हता.

तू दीड वर्ष आतल्या खोलीत तुझं फ्रेमवर्क करत बसायचास, मी चहा आणून द्यायचे, पण ते म्हणजे काय हे मी कधी विचारलं नाही. आता विचारलं. ती म्हणाली, "आई, माहिती एका खोलीत ठेवायची, पडदा दुसऱ्या खोलीत, मध्ये निरोप्या. पडद्याने माहितीला हात लावायचा नाही. हवं ते निरोप्याला सांगायचं."

"म्हणजे सोवळं," मी म्हटलं.

ती हसली. "हो, तसंच. आणि हे सोवळं पाळायचा सांगाडा आयता मिळतो, ते फ्रेमवर्क. पण मोठ्या फ्रेमवर्कमध्ये घरात माणसं तीन आणि आणलं लग्नाच्या हॉलचं भांडंकुंडं, असं होतं. दारातच अडकतं."

तिच्या ऑफिसातला रत्नदीप रविवारी आला होता, दिव्याला राहतो. भला मुलगा आहे. "काकू, आमच्याकडे नळाला पाणी नाही, म्हणून तुमच्याकडे चहा प्यायला आलो," म्हणतो. त्याने एक मधलं सुचवलं, मोठ्यापेक्षा हलकं. दोघांनी दिवसभर बसून ते घातलं. हळू चालतं, पण चालतं. ह्यांनी खिडकी दाबली. मी खिडकी उघडली. त्यांनी नको दाबलं. म्हणजे लावायची होती. मी लावली. मग हो दाबलं.

एवढंच झालं, पण मी देवासमोर साखर ठेवली.

आई


डोंबिवली
रविवार, ५ ऑक्टोबर

चि. स्वानंद,

दसरा झाला. सोनं पाकिटात घातलं आहे, पानं वाळली तर वाळू देत.

ह्यांचा फोन बंद पडला आहे. जुना होता. दुकानदार म्हणाला आत ओल गेली आहे आणि भोकात काहीतरी साचलं आहे, आता होणार नाही. श्रियाने माझ्याकडे बघितलं, मी भाजी चिरत होते.

नवा घेऊ म्हणून ती स्टेशनजवळची दुकानं फिरली. नवे सगळे हातभर लांब. एका हातात धरून अंगठा पोचेल असा एकही नाही. मापाला बरोबर असा एकच फोन निघाला, माझा. ह्यांच्या फोनबरोबर घेतलेला, पण त्यातला स्वस्तातला. त्यात जागाच नाही. माझी कीर्तनं होती, हरिपाठ होता, तुझ्या मुंजीच्या फोटोंचे फोटो होते. सगळं पुसून दिला. पुसलं ते श्रियाच्या कॉम्प्युटरवर आहे म्हणते, असेल.

तरी ते मधलं फ्रेमवर्क त्यावर उघडेना. पांढरा पडदा यायचा आणि तसाच राहायचा. तीन दिवस हे परत 'ते, ते' वर आले. जे एकदा मिळालं होतं ते गेल्यावर माणूस पहिल्यासारखाही राहत नाही. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तहान होती. मला दिसत होतं.

काल संध्याकाळी श्रिया कॉम्प्युटर उघडून बसली. मग म्हणाली, "एक आहे. पण तू बाबांना सांगायचं नाहीस."

तुझं फ्रेमवर्क होतं ते. मी समजत होते तू जाताना सगळं पुसून गेलास. ती म्हणाली, नाही, दादाने तेव्हाच सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं, कोणीही घ्यावं, वापरावं. अजून तिथेच आहे. तू शेवटचा हात लावलास त्याला तीन वर्षं झाली.

तिने बसवलं. मी आमटी ढवळत होते, डाव ठेवून येते तोवर नऊ घरं पडद्यावर आली होती. ह्यांच्या हातात दिलं. पाणी दाबलं, लगेच घंटा. दोन पेले प्यायले.

त्यांना काही सांगितलेलं नाही. तूही इतक्यात पत्रात तसं काही लिहू नकोस. म्हणजे लिहिलंस तर.

आई


डोंबिवली
शनिवार, ११ ऑक्टोबर

चि. स्वानंद,

फोनचं मागच्या पत्रात नीट लिहिलं नाही. दसऱ्याला विळी, शिवणयंत्र, श्रियाचा कॉम्प्युटर यांची पूजा केली. मग वाटलं, या घरात आज सगळ्यात मोठं काम कोण करतं, तर तो फोन. पाटावर ठेवला, पाण्याचं प्रोक्षण केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. कुंकू ओलं होतं. उचलून ठेवायला विसरले, नैवेद्य करायचा होता. देवाला काय म्हणू, मी त्याच्यासाठीच केलं होतं. श्रिया मला एका शब्दाने बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं.

आता पुढचं. आज रत्नदीप आला आणि दोघांचं स्वयंपाकघरात वाजलं. त्याने तुझं काम उघडून बघितलं होतं. आधी म्हणाला, "काकू, स्वानंदने काय सुबक केलंय. एक ओळ जास्तीची नाही." मला बरं वाटलं. मग म्हणाला, "पण हे वापरायचं नाही."

श्रियाने विचारलं, "का?"

"याला वाली कोण आहे? तीन वर्षं कोणी बघितलेलं नाही. उद्या काही अडलं तर कुणाला विचारशील? लोकांनी प्रश्न विचारलेत तिथे, एकालाही उत्तर नाही. मोठं घे, टॅबलेटवर टाक. त्याच्यामागे हजार माणसं आहेत. काका शिकतील."

"काका टॅबलेट पालथा करतात, रत्नदीप."

"करू दे. आज करतील, उद्या करतील, परवा सवय होईल. हे उद्या बंद पडलं तर? तेव्हा त्यांच्या हातातून दुसऱ्यांदा काढून घेणार तू. ते चालेल?"

श्रिया म्हणाली, "दुसऱ्या पानाचं मी केलं असतं. दोन रात्री प्रयत्न केला."

हे दुसऱ्या पानाचं मला तेव्हा कळलं. तुझ्या सांगाड्यात एका पानावरून दुसऱ्यावर जाता येतं, पण परत येता येत नाही, तिथेच अडकतं. म्हणून सगळं एकाच पानावर, नऊ घरांत बसवावं लागतं. त्या जागी तू मराठीत लिहून ठेवलं आहेस म्हणे, 'परत यायचं राहिलंय, उद्या बघतो.' श्रियाने तारीख पाहिली. मोहन्याच्या कंपनीतले त्यांचे दोस्त जेवायला आले होते, तो दिवस.

त्या दिवशी हे सगळ्यांसमोर काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. "माझा मुलगा सांगाडे करतो, त्यावर छप्पर कधी चढत नाही," एवढ्यावर तर सगळेच हसले होते. पुढचं तू ऐकलंस आणि मीही ऐकलं. सकाळी तुझी खोली मोकळी होती.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. श्रिया म्हणाली, "आई, तू सांग. कुठलं?"

मी मॅट्रिक झालेली बाई. दूध कुठल्या डेअरीचं घ्यायचं ते मी सांगेन. मी म्हटलं, ज्यांना वापरायचंय त्यांना विचारा. मला वाटलं मी सुटले.

दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं. पलंगाच्या लोखंडी हाताला टॅबलेट, मांडीवर फोन. रत्नदीपने टॅबलेटकडे बोट केलं, "काका, हे?" ह्यांनी फोनवर नको दाबलं. घंटा वाजली. रत्नदीपसुद्धा हसला. आणि त्या हसण्यात श्रिया बोलून गेली, "बाबा, हे दादाचं आहे. दादाने केलंय."

ते फोनकडे बघत राहिले. मग तो खाली ठेवला. खिशात नाही, बाजूला, चादरीवर. तेव्हापासून हात लावलेला नाही. आता रात्र झाली. चहा विचारला, पाणी विचारलं, मान वळवली. 'ते' सुद्धा नाही.

श्रिया रडून झोपली. चूक कुणाची धरू? तिने खरं सांगितलं. खरं सांगितलं म्हणून माणूस तहानलेला आहे, आणि मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी.

आई


डोंबिवली
बुधवार, १५ ऑक्टोबर

चि. स्वानंद,

रविवारी पूर्ण दिवस त्यांनी फोन घेतला नाही. पाणी मी चमच्याने पाजलं, ते त्यांनी घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मेघना मॅडम म्हणाल्या, जबरदस्ती करू नका. करते कोण? मी स्तोत्र म्हणत बसले, दुसरं काय येतं मला?

सोमवारी सकाळी पेपर दिला. थोड्या वेळाने बघते तर फोन मांडीवर होता. दाबत नव्हते. आत काय आहे ते बघत असल्यासारखे, जवळ धरून, तिरका करून. कंपनीतून कोणाचा नकाशा तपासायला आला की असेच बघायचे, तुला आठवत असेल. चूक सापडेपर्यंत हलायचे नाहीत. मग एकेक घर दाबलं. पाणी. मी पाणी आणलं. चहा. चहा केला. पेपर दाबला, तर पेपर हातातच होता. खिडकी, देवघर, सगळं एकदा दाबून पाहिलं. दुखतंय दाबलं तेव्हा मी घाबरले, कुठे म्हणून विचारलं, त्यांनी नको दाबलं. तपासत होते. एकही अडलं नाही.

मग पेन्सिल मागितली. बोटांनी खूण केली आणि बंडीच्या खिशावर हात ठेवला, तेव्हा मला समजलं. डाव्या हाताने पेपरच्या कोऱ्या कडेला घरं काढली. रेषा वाकड्या आल्या. तीनदा तीन, नऊ. त्याच्या खाली थोडी जागा सोडून आणखी एक काढलं. दहावं. त्यात काही लिहिलं नाही, नुसता पेन्सिलीने ठिपका काढून ठेवला.

मी म्हटलं, काय हवंय यात? औषध? नको. टीव्ही? नको. रामरक्षा लावू? नको. मावशींची नावं घेतली, मोहन्याच्या दोस्तांची घेतली. नको, नको. घंटेचा आवाज ऐकून श्रिया आंघोळीहून तशीच बाहेर आली. तिने कागद पाहिला. म्हणाली, "बाबा, दादा?"

त्यांनी नको दाबलं नाही. हो पण दाबलं नाही. अंगठा उचलला आणि कागदावरच्या त्या दहाव्या घरावर ठेवला आणि तसाच ठेवून दिला. चहा निवला तरी अंगठा तिथेच.

श्रियाने ऑफिसला रजा टाकली आणि दहावं घर करायला बसली. होत नाही. पहिल्या पानावर जागा नाही. घरं लहान केली तर अंगठा दोन घरांवर पडतो, चहा मागावा तर बाथरूम. एखादं घर काढावं म्हटलं, तर ह्यांनी एकही काढू दिलं नाही. दुसऱ्या पानावर टाकलं, तर तिथून परत येता येत नाही. दहावं घर दाबलं की पडदा तिथेच थांबतो, मग पाणीही नाही आणि काहीच नाही. फोन बंद करून चालू करावा लागतो. ती म्हणते, "वरून ठिगळ लावता येईल, पण आतला निरोप कुठून कुठे जातो ते दादालाच माहीत. मी हात लावला तर आता जे चालतंय तेही बंद पडेल." तिने तुला परवा मेल केली. उत्तर नाही. वस्तूही आली नाही.

रत्नदीपला बोलावलं. तो वाईट नाही रे. त्याने सगळं ऐकलं, कागद बघितला. मग म्हणाला, "काकू, मोठ्यात दहा काय, शंभर घरं होतात. दुसरं पान, तिसरं पान, सगळं आयतं. मी एका दिवसात करून देतो, टॅबलेटवर."

मी म्हटलं, ते टॅबलेट घेणार नाहीत.

"मग दहावं घर नाही. किंवा स्वानंदने हे पुढे सांभाळायला हवं. नुसतं एकदा दुरुस्त करून नाही काकू, सांभाळायला. फोन बदलेल, फोनची आतली व्यवस्था बदलेल, काकांना अकरावं घर लागेल. दरवेळी कोणीतरी ओ द्यायला पाहिजे. तो देणार असेल तर मी आजपासून या विषयावर तोंड उघडणार नाही. देणार नसेल तर आत्ताच मोठ्यावर जाऊ या. निदान फसवणूक नको."

हे त्याचं मला पटलं. श्रियालाही पटलं असावं.

भाऊबीज झाली की रत्नदीप उत्तर विचारायला येणार आहे. तोवर थांब म्हणून मी त्याला शब्द टाकला आहे. फराळाचं थोडं पाठवते आहे, चकल्या मोडतील, शंकरपाळे टिकतील. कागदावरचं ते चित्र कापून पाकिटात घातलं आहे, त्यांना विचारून. त्यांनी हो दाबलं.

तुला ये म्हणत नाही. ते म्हणायला मला तोंड नाही आणि त्यांना वाचा नाही. फोनही कर म्हणत नाही, श्रिया ऑफिसला गेली की घरात फोन एकच आहे आणि तो त्यांच्याकडे आहे. फ्रेमवर्क कुठलं चांगलं, हलकं की जड, ते मला यापुढेही कळणार नाही. तुझं हे जे आहे ते तू सांभाळणार आहेस की नाही, एवढं विचारते. नाही असलं तरी चालेल, मी रत्नदीपला सांगेन आणि ह्यांना काय सांगायचं ते बघेन. पण एका ओळीत, हो किंवा नाही, उलट टपाली कळव.

आई